तीन चाव्यांची पेटी: कोकणपट्टीतील कॅथलिक धर्मग्रामांच्या कारभाराचा इतिहास

गोवा, वसई आणि मुंबई या पट्ट्यातील कॅथलिक धर्मग्रामाचा, म्हणजेच एका चर्चभोवती वसलेल्या श्रद्धावंतांच्या समूहाचा, कारभार आज पॅरिश कौन्सिल, वित्त समिती आणि उपासना, युवक, समाजसेवा अशा निरनिराळ्या विभागांमार्फत चालतो. ही व्यवस्था दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आली आणि तोवर प्रापंचिकांना, म्हणजे दीक्षित नसलेल्या सामान्य ख्रिस्ती जनांना, चर्चच्या कारभारात काही स्थान नव्हते, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज इतिहासाला धरून नाही. या किनाऱ्यावरील प्रापंचिक सोळाव्या शतकापासून चर्चच्या तिजोरीची चावी बाळगत आला आहे. ती चावी कोणाच्या हाती असावी आणि कोणाच्या हाती असू नये, यावरून चाललेला झगडा हाच या कारभाराचा खरा इतिहास आहे.

ही जुनी व्यवस्था दोन संस्थांवर उभी होती. पहिली फाब्रिका. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ बांधकाम किंवा कार्यशाळा असा असून, चर्चची इमारत उभी ठेवण्यासाठी, वेदीवरील मेणबत्त्या, तेल, वस्त्रे आणि घंटा यांच्या खर्चासाठी राखलेला निधी, आणि पुढे तो निधी सांभाळणारे मंडळ, असा त्याचा अर्थविस्तार झाला. दुसरी संस्था कोंफ्रारिया, म्हणजे बंधुसंघ. एखाद्या संताच्या, रोझरी मातेच्या किंवा परमपवित्र साक्रामेंताच्या नावाने स्थापन झालेल्या या संघाचे सभासद वर्गणी भरत, सणाचा खर्च उचलत, मिरवणुकीत मानाने चालत आणि सभासदाच्या मृत्यूनंतर त्याची अंत्ययात्रा व त्याच्या आत्म्यासाठीच्या मिस्सा यांची जबाबदारी घेत. संघाची सनद असे, तिला कोंप्रोमिसो म्हणत, आणि अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस व कारभारी यांची निवड तिच्यातील नियमांनुसार होई. रोख रक्कम आणि सोन्याचांदीचे जिन्नस लाकडी पेटीत ठेवण्याची पोर्तुगीज अमलातील सार्वजनिक संस्थांची एक ठरलेली रीत होती. पेटीला तीन कुलपे असत आणि तीन चाव्या तीन निरनिराळ्या पदाधिकाऱ्यांकडे राहत, त्यामुळे तिघे एकत्र आल्याखेरीज झाकण उघडत नसे. एकट्यावर विश्वास टाकण्याची वेळच येऊ नये, हा त्यामागचा साधा हिशोब होता, आणि पुढच्या चारशे वर्षांतील कोणत्याही नियमावलीला त्याहून अधिक शहाणपणाची युक्ती सुचलेली दिसत नाही.

हे दोन्ही शब्द युरोपातून आले असले तरी गोव्यात ते ज्या मातीत रुजले ती गावकरीची होती. गावकरी, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, त्या गावच्या मूळ कुळांच्या संस्था होत्या. जमीन सामाईक, खाजणाचे बांध सामाईक, देवळाचा खर्चही सामाईक, आणि हे सारे भागवून जे उरेल त्याची वाटणी जोण या नावाने कुळातील पुरुषांना मिळे. आफोंसु मेशिया याने 1526 मध्ये तयार केलेल्या फोराल या दस्तऐवजात या ग्रामरूढींची नोंद झाली आणि राज्यकर्त्यांनी त्या मान्य केल्या. 1541 मध्ये तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या पवित्र श्रद्धेच्या बंधुसंघाकडे वळवण्यात आले. त्याला गावकऱ्यांची संमती मिळाल्याचे कागदोपत्री दाखवले गेले, पण देवळे पाडली गेल्यानंतर घेतलेल्या त्या संमतीला स्वखुशी म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सेवेकऱ्यांना लावून दिलेल्या जमिनी तशाच राहिल्या; त्यांवर पोसली जाणारी सेवा तेवढी बदलली. पूर्वी त्या उत्पन्नातून देवळाचा दिवा लागे, आता वेदीवरची मेणबत्ती लागू लागली, आणि खर्चाला मंजुरी देणारी कुळे बहुतेक ठिकाणी तीच राहिली.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 17 सप्टेंबर 1562 रोजी भरलेल्या बाविसाव्या सत्रात असा दंडक घातला, की चर्चची फाब्रिका, बंधुसंघ, इस्पितळ किंवा अन्य धर्मादाय संस्था यांचा कारभार पाहणारे लोक, मग ते धर्मगुरू असोत वा प्रापंचिक, यांनी दरवर्षी बिशपपुढे हिशोब सादर केला पाहिजे. गोव्याची पहिली प्रांतिक धर्मसभा 1567 मध्ये आर्चबिशप गास्पार द लियांव यांच्या काळात भरली आणि ट्रेंटच्या सुधारणा येथे लागू करण्याचे काम सुरू झाले. प्रापंचिकाने हिशोब द्यावा, या आज्ञेत प्रापंचिक पैसा हाताळतो हे गृहीत आहे. ज्याच्याकडे कारभारच नाही त्याच्याकडे हिशोब कोणी मागत नाही.

कारभाराची दुसरी बाजू सेवेची होती आणि तिचा कणा होता मेस्त, म्हणजे चर्चला जोडलेल्या शाळेचा शिक्षक. तो मुलांना धर्मशिकवण, अक्षरे आणि पाश्चात्त्य संगीताचे स्वर शिकवी, वेदीसमोरील गायकवृंद तयार करी, आणि सणाच्या दिवशी व्हायोलिन हाती घेऊन स्वतः वादकांचे नेतृत्व करी. पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांतील वाद्यवृंदांत गोव्याचे जे वादक आले, त्यांतील अनेकांच्या हाती पहिले वाद्य याच शाळांत पडले होते. गोव्यातील साष्टीत काम करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओव्या रचून सिद्ध केलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले, त्यामागेही नवख्रिस्ती समाजाला आपल्या ओळखीच्या छंदात ऐकता येईल असे काही चर्चमध्ये असावे हीच गरज होती. उपासनेची सेवा आणि लोकांची भाषा यांचे नाते इतक्या लवकर आणि इतक्या उंचीवर जुळल्याचे उदाहरण या किनाऱ्यावर दुसरे नाही.

मात्र या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष तिच्या मुळाशीच होता. प्रमुख बंधुसंघाचे सभासदत्व अनेक गावांत केवळ गावकरी कुळांतील पुरुषांना खुले असे. मिरवणुकीत सभासद अंगात पांढरा पायघोळ झगा आणि त्यावर खांद्यांपुरती रंगीत आखूड झूल घालत; त्या वेषाला कोंकणीत ओपमुर्स म्हणतात. ज्या गावांत उच्च मानल्या गेलेल्या कुळांचा आणि इतरांचा असे दोन बंधुसंघ होते, तेथे काही ठिकाणी पहिल्यांची झूल लाल तर दुसऱ्यांची निळी असे, आणि वेदीपासून कोण किती अंतरावर उभे राहणार हे त्या रंगावरून दुरूनच कळे. बाप्तिस्म्याने सर्वांना समान मानणाऱ्या धर्माच्या मिरवणुकीत जातीचा हा पट इतका उघड मांडलेला असावा, ही त्या इतिहासातील शरमेची बाब आहे आणि ती सौम्य शब्दांत झाकण्याचे कारण नाही. गावच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा, मान, मिरवणुकीतील क्रम आणि बंधुसंघातील प्रवेश यांवरून गोव्यातील गावांत उठलेले तंटे विसाव्या शतकातही शमले नाहीत. स्त्रियांना तर या चौकटीत स्थानच नव्हते. वेदीची फुले आणि वस्त्रांची धुलाई त्यांच्याकडे होती, पेटीची चावी नव्हती.

वसईच्या वाट्याला वेगळी वाटचाल आली. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा प्रदेश 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकला आणि धर्मसंघांच्या ताब्यातील जमिनी व त्यांचे उत्पन्न गेले. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पण ख्रिस्ती शेतकरी गावातच राहिले. एतद्देशीय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उपासना चालू ठेवली. राजाश्रय आणि जमिनीचा महसूल दोन्ही नसताना चर्चचे छप्पर शाकारायचे तर ते गावाच्या वर्गणीतून आणि श्रमातून, हे ओघानेच आले. आज वसईच्या धर्मग्रामांतील लोक सार्वजनिक कामाला ज्या तत्परतेने हात लावतात, तिची मुळे बहुधा त्या निराधार पण स्वावलंबी काळात शोधावी लागतील.

फाब्रिकेच्या सामर्थ्याची खरी कसोटी मुंबईत लागली. भारतातील चर्चवर पोर्तुगालच्या राजाला मिळालेला आश्रयाधिकार, ज्याला पाद्रुआदो म्हणतात, आणि रोममधील धर्मप्रसार परिषदेचा, म्हणजे प्रोपागांदाचा, थेट अधिकार यांच्यात दीर्घ संघर्ष होता. ईस्ट इंडिया कंपनीने 1720 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतील, म्हणजे पाद्रुआदोच्या, धर्मगुरूंना मुंबईतून काढून तेथील चर्चे प्रोपागांदाच्या बाजूच्या कार्मेलाइट संघाच्या बिशपांकडे सोपवली. 1789 मध्ये हा निर्णय फिरवला गेला, त्यावर पुन्हा अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर 1794 मध्ये मुंबई बेटावरील चर्चे दोन्ही पक्षांत वाटून देण्यात आली. एकाच शहरात दोन बिशपांचे अधिकार शेजारी शेजारी नांदू लागले. परिणामी प्रत्येक धर्मग्रामातील प्रापंचिकांच्या हाती असा अधिकार आला, जो ट्रेंटने त्यांना कधीच दिला नव्हता: आपण कोणाच्या छत्राखाली राहायचे, हे तेच ठरवू लागले.

1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हा प्रश्न हातघाईवर आला. धर्मग्रामातील मोठा गट पाद्रुआदोकडे जाऊ पाहत होता. प्रोपागांदाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन यांनी आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये जाऊन दारे आतून बंद करून घेतली, आणि विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला आणि चर्च पाद्रुआदो पक्षाकडे गेले. ज्या चर्चमध्ये आज बुधवारच्या नोव्हेनासाठी सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात, तेथे एकेकाळी आत बिशप आणि बाहेर धर्मग्राम असा सामना झाला होता. त्या वादात धर्मसिद्धांताचा एकही मुद्दा नव्हता. इमारत कोणी बांधली, दुरुस्ती कोणी केली, म्हणून ती कोणाची, एवढाच प्रश्न होता. आणि तो क्षुल्लक नव्हता, कारण पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरणाऱ्याला चर्च आपले वाटणे स्वाभाविक आहे. हे दुहेरी अधिकारक्षेत्र रोम व पोर्तुगाल यांच्यातील 1886 च्या करारानेही पूर्ण मिटले नाही. ते 1928 मध्ये त्याच दोघांतील नव्या समझोत्याने संपले.

अशा अनुभवांची धास्ती चर्चच्या कायद्यात उमटलेली दिसते. 1917 च्या धर्मविधिसंहितेने फाब्रिकेच्या मंडळाला मान्यता दिली, पण कलम 1184 मध्ये त्याच्या हाताला बांध घातला: आध्यात्मिक बाबींत या मंडळाने ढवळाढवळ करू नये, आणि त्या बाबींत चर्चची घंटा कशी व केव्हा वाजवावी याचाही समावेश होता. घंटेचा उल्लेख वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या गावांत कोणाच्या मृत्यूसाठी किती वेळ घंटा वाजावी हे बंधुसंघाच्या मानपानावर ठरत असे, तेथे घंटेची दोरी ही सत्तेची दोरी होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात धर्मप्रांताप्रमाणेच शक्य तेथे धर्मग्रामातही सल्लागार मंडळे असावीत, अशी शिफारस केली. 1983 च्या नव्या संहितेने त्याला कायद्याचे रूप दिले, आणि तिच्या शब्दांतील फरक बारकाईने वाचण्यासारखा आहे. कलम 537 नुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. कलम 536 नुसार पाळकीय मंडळ, ज्याला सर्वत्र पॅरिश कौन्सिल म्हणतात, बिशपना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. पैशाच्या बाबतीत सक्ती आणि पाळकीय बाबतीत सवलत, ही रचना ट्रेंटच्या हिशोबवहीशी थेट नाते सांगते. महाराष्ट्रात याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 याची जोड आधीच मिळाली होती, त्यामुळे नोंदणीकृत विश्वस्त संस्थांचे तपासलेले हिशोब बिशपांबरोबर धर्मादाय आयुक्तांकडेही जाऊ लागले.

याहून मोठा बदल वेदीजवळ घडला. वाचक आणि वेदीसेवक ही पुरोहितपदाच्या वाटेवरील केवळ पायरी न राहता 1972 मध्ये प्रापंचिकांसाठीची सेवा म्हणून मान्य झाली, 1973 मध्ये प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद वाटण्याची परवानगी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, 1994 मध्ये मुलींना वेदीसेवेची मुभा मिळाली, आणि 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही पदे विधिपूर्वक स्त्रियांनाही खुली केली. मराठीभाषक ख्रिस्ती समाजाचे केंद्र असलेला वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा मराठीतील मिस्सा, मराठीतील वाचन आणि मराठीत चालणाऱ्या सभा त्याच्या धर्मग्रामांत आधीच रुळल्या होत्या. ओपमुर्साच्या रंगाने जे अंतर ठरवले होते, ते बायबल हाती घेऊन वेदीजवळ उभ्या राहिलेल्या वाचक स्त्रीने जितके मोडले, तितके कोणत्याही सभेच्या ठरावाने मोडलेले नाही.

हा सारा इतिहास ज्या कागदांत आहे ते बंधुसंघांच्या सनदा, फाब्रिकेच्या जमाखर्चाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी अशा रूपात अनेक चर्चांच्या कपाटांत आजही पडून आहेत. पोर्तुगीज लिपीवळण वाचणारे कमी होत चालले आहेत आणि कोकणातील पावसाळी हवा व वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत. ज्या धर्मग्रामाच्या समितीला कपाट आवरताना अशी वही सापडेल, तिने ती रद्दीत न टाकता कोरड्या जागी ठेवावी, तिच्या पानांची छायाचित्रे काढावीत आणि मूळ प्रत आपल्या धर्मप्रांताच्या अभिलेखागाराकडे पोचवावी.