निळी दारं, लाल दारं

कोलंबियातल्या बोगोतात ऐंशी ओलांडलेल्या माणसांपुढे कॉन्झर्व्हेटिव्ह नेता लाउरेआनो गोमेसचं नाव काढावं आणि आपण गप्प बसावं. माझ्या आजेसासूबाई तर त्याला घरातल्यासारखं नुसतं 'लाउरेआनो' म्हणत. त्या बोयाकाच्या डोंगराळ मुलखातल्या, घराणं कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह. आजेसासरे तोलिमाचे, लिबरल. दोन्हीकडच्यांचे शिव्याशाप घेऊन त्यांनी बोगोतात लग्न केलं.

आजेसासूबाईंच्या माहेरचं दार पक्षाच्या रंगाचं, निळं. बैठकीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली कात्रणातला लाउरेआनो. जन्म १८८९चा, शिक्षणाने इंजिनिअर, पण खरी ताकद जिभेत. विरोधक त्याला 'राक्षस' म्हणत. १९३६मध्ये त्याने 'एल सिग्लो' हे दैनिक सुरू केलं. आजेसासूबाईंचे वडील ते ओसरीवर मोठ्याने वाचत आणि शेजारीपाजारी ऐकायला जमत. १९४९च्या एका भाषणात त्याने लिबरल पक्षाला दंतकथेतल्या बॅसिलिस्क नावाच्या प्राण्याची उपमा दिली: अवाढव्य धड, डोकं इवलंसं, पण कम्युनिस्ट. त्यानंतर आईने लिबरलांच्या लाल दाराच्या घरी मीठ मागायला जाणंही बंद करायला लावलं, असं आजेसासूबाई सांगत. शब्दाची ही मारकशक्ती लाउरेआनोला पुरती ठाऊक होती. म्हणूनच त्याला मी माफ करू शकत नाही.

९ एप्रिल १९४८ला लिबरल नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांची बोगोतात भररस्त्यात हत्या झाली आणि शहर पेटलं. 'एल सिग्लो'ची इमारत जाळली गेली. परराष्ट्रमंत्री असलेला लाउरेआनो स्पेनला निघून गेला. पुढे बोयाकातल्या चुलाविता गावाकडून पोलिसात पोरं भरती झाली आणि 'चुलाविता' हे नाव लिबरल खेड्यांत धडकी भरवू लागलं. इथवर आलं की आजेसासूबाई लाकडी रवीने चॉकलेट घुसळू लागत, फेस वर येईपर्यंत. मग पेल्यात चीजचे तुकडे सोडून हळूच म्हणत, ''आमच्या आळीतला एक मुलगा गेला होता. सुटीवर आला, तेव्हा त्याच्याशी कोणी बोलेना. त्याची आईसुद्धा.'' त्या दशकात देशात दोन लाखांच्या आसपास माणसं मेली, असं साधारणपणे मानलं जातं. आजेसासऱ्यांच्या घरची दोन त्यांत होती. ती कशी गेली, हे त्यांनी सांगितलं नाही.

१९४९च्या निवडणुकीतून लिबरलांनी अंग काढून घेतलं, त्यामुळे स्पेनहून परतलेला लाउरेआनो बिनविरोध राष्ट्राध्यक्ष झाला. पण १९५१मध्ये हृदयविकाराने त्याला रजेवर बसवलं आणि कारभार हंगामी राष्ट्राध्यक्ष उर्दानेतांकडे गेला. १३ जून १९५३ला तो लष्करप्रमुख रोहास पिनिया यांना काढायला खुर्चीवर परत आला, तर त्याच दिवशी रोहासनीच त्याला खाली खेचलं. त्यात त्याच्याच पक्षातले लोक सामील होते. बोगोतात लोक जल्लोष करत रस्त्यावर आले. आजेसासूबाईही गेल्या होत्या, पण वडिलांना त्यांनी ते कधी कळू दिलं नाही.

पुढे जे झालं ते मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वाटतं. ज्याने लिबरलांना आयुष्यभर शत्रू मानलं, त्याने परागंदा असताना १९५६मध्ये स्पेनमधल्या बेनिदोर्मला लिबरल नेते आल्बेर्तो येरास कामार्गो यांच्याशी करार केला. १ डिसेंबर १९५७ला त्यावर सार्वमत झालं आणि बायकांनी देशात प्रथमच मतदान केलं. आजेसासूबाई आणि आजेसासरे दोघं एकत्र गेले. त्यांचं मत एकच पडलं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

करारानुसार १९५८ ते १९७४ दोन्ही पक्षांनी सत्ता आळीपाळीने वाटून घेतली. तिसऱ्याला जागाच नव्हती. लाउरेआनो १९६५च्या जुलैमध्ये वारला. त्याच्या वर्षभर आधी आजेसासऱ्यांच्या तोलिमातल्या मार्केतालियावर लष्कर चाललं होतं आणि तिथल्या सशस्त्र शेतकऱ्यांतून फार्क ही गनिमी संघटना उभी राहत होती. आजेसासरे म्हणत, ''निळ्या-लालचं भांडण मिटलं, पण आमच्या गावाला कोणी विचारलंच नाही.''