'आमचा कारखाना म्हणजे एक कुटुंब': हे वाक्य संशोधकानं कसं वाचायचं?

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये एक विषय हटकून भेटतो: 'लघुउद्योजकांचे नेतृत्व व कर्मचाऱ्यांची प्रेरणा'. बहुतेक जण तो प्रश्नावलीनं सोडवायला जातात. काही मालक, काही कामगार, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि शेवटी टक्केवारी. काम होतं, पण एक अडचण उरते. मालक म्हणतो, "आमच्याकडं सगळे घरच्यासारखे आहेत," आणि आपण ते उत्तर म्हणून टिपून घेतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम खरं तर तिथून सुरू होतं. घरच्यासारखे म्हणजे काय? ते घर कुणाच्या मालकीचं? त्यात कोण होतं आणि कोण नव्हतं? आज एकच उदाहरण घेऊन हे वाचन करून पाहू: किर्लोस्करवाडी.

आधी थोडक्यात हकिकत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नसल्यामुळं यांत्रिक रेखाटनाकडं वळले. पुढं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथं हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. ही गोष्ट लक्षात ठेवा. माणसाचं कामावरचं मन का उडतं, हे या मालकाला नोकर असतानाच कळलेलं होतं.

बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात झाली. मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ देऊ केला. 1910 मध्ये सुमारे 25 कामगार आपापली कुटुंबं घेऊन त्या माळावर आले. सगळीकडं निवडुंग आणि साप. म्हणजे हा तेव्हा छोटाच धंदा होता. भांडवल बेताचं, माल नवा, गिऱ्हाईक साशंक. लोखंडी फाळानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं.

आता प्रश्न असा, की ही माणसं तिथं का टिकली? नेहमीचं उत्तर म्हणजे लक्ष्मणरावांचं व्यक्तिमत्त्व. ते खोटं नाही, पण संशोधनात 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द वापरला की पुढचा विचार थांबतो. म्हणून त्याच्या जागी तपासता येतील अशा गोष्टी ठेवू.

पहिली गोष्ट, घर. उजाड माळावर भाड्यानं खोली मिळणार नव्हती, त्यामुळं कारखान्याबरोबर वसाहतही उभी करावी लागली. यात माया होती का? असेल. पण गरजही होती. शिकवून तयार केलेला ओतारी किंवा फिटर निघून गेला, तर छोट्या कारखान्याचं काम अडतं. घर दिलं की माणूस टिकतो.

याच काळातल्या मुंबईच्या गिरण्या शेजारी ठेवून पाहा. तिथं मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असे. नोकरी त्याच्याकडून, कर्ज बऱ्याचदा त्याच्या ओळखीनं. पण राहायची चाळ, उधारीवर धान्य देणारा वाणी, गावाकडची माणसं या गोष्टी गिरणीच्या फाटकाबाहेर होत्या. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावर लिहिताना याच शेजाराचं महत्त्व दाखवलं आहे: संप लांबला की कामगार या आधारावर तग धरत. 1928 चा संप जवळजवळ सहा महिने चालला. वाडीत मात्र नोकरी आणि छप्पर एकाच हातातून मिळत होतं. अशा ठिकाणी मालकाशी भांडण झालं तर पगार जातो आणि बिऱ्हाडही हलवावं लागतं. सोय आणि अवलंबित्व एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत. 'कामगार निष्ठावंत होते' असं लिहिण्याआधी ही भिंत दोन्ही बाजूंनी पाहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट, विश्वास. किर्लोस्करवाडीची एक प्रसिद्ध आठवण अशी: दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमलं आणि त्यांनी वाडी इमानानं राखली. व्याख्यानांमध्ये ही गोष्ट 'माणसावर विश्वास टाका' या शिकवणीसाठी सांगतात. तुम्ही तिच्यात एक संदर्भ मिळवा. या राखणदारांपैकी एक जण रामोशी होता. पश्चिम महाराष्ट्रात गावाची राखण हे रामोशांचं जुनं काम, आणि घराच्या राखणीला रामोशी ठेवायची चाल शहरांतही होती. म्हणजे नव्या कारखान्यानं एक जुनी, लोकांना माहीत असलेली व्यवस्था उचलली होती. यामुळं लक्ष्मणरावांचं धाडस कमी होत नाही. शिक्षा झालेल्या माणसाला दारात उभं करणं त्या काळी सोपं नव्हतं. पण केवळ मालकाच्या मोठेपणावर उभी असलेली गोष्ट आता समाजाच्या इतिहासाला जोडली जाते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, या त्यांच्या दंडकाकडंही असंच पाहा. नियम होता, हे नोंदवा. मग विचारा: पाण्याला, पंगतीला, घरांच्या रांगांना तो कसा लागू झाला? भट्टीवर कोण होतं आणि कचेरीत कोण?

तिसरी गोष्ट, साधनं. इथं आपल्यापैकी बरेच जण घसरतात. वाडीबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, कारण त्या मंडळींना लिहिण्याची हौस होती. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं आणि त्यातूनच पुढं 'किर्लोस्कर' मासिक घडलं. पण हे मालकाच्या घरचं लिखाण आहे. ते टाकून द्यायचं नाही. मालकाला आपण कसे दिसावं असं वाटत होतं, त्याचा तो उत्तम पुरावा आहे. कामगाराला काय वाटत होतं, याचा पुरावा म्हणून मात्र ते एकटं पुरत नाही.

शिवाय वाडी संस्थानी मुलखात होती. ब्रिटिश हिंदुस्थानातले कारखाना कायदे तिथं आपोआप लागू होत नसत. म्हणून मुंबई इलाख्याच्या कारखाना अहवालांत वाडी शोधत बसू नका. तुमची वाट औंधच्या दफ्तराकडून जाते. कायद्याचा मुद्दाही तितकाच मोलाचा आहे. जिथं कामाचे तास आणि सुरक्षितता यांवर बाहेरचा तपासनीस नाही, तिथं मालकाची चांगुलपणाची सवय हाच कामगाराचा कायदा असतो. मालक चांगला असेपर्यंत ठीक. पुढच्या पिढीत काय, हा प्रश्न उरतोच.

शेवटी 1948. गांधीहत्येनंतर उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत जमावानं किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. जवळजवळ चाळीस वर्षं 'कुटुंब' म्हणवणाऱ्या वसाहतीवर ही वेळ आली. यावरून 'कुटुंब वगैरे सगळं ढोंग होतं' असा निकाल देणं सोपं आहे, आणि 'बाहेरच्यांनी घात केला' असं म्हणणंही सोपं आहे. दोन्ही घाईची उत्तरं. यातून विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: वाडीच्या आत मिळणारी घरं, पगार, कसब शेजारच्या गावांपर्यंत किती पोचलं होतं? मालकानं आपली माणसं नीट सांभाळली, हे खरं असू शकतं. आणि त्याच वेळी 'आपली माणसं' कोण, याची सीमा बाहेरच्याला टोचत होती, हेही खरं असू शकतं.

तेव्हा विषय निवडताना 'प्रेरणा' हा शब्द जरा बाजूला ठेवा आणि त्याऐवजी हे लिहून पाहा: कामगाराला काय मिळालं? त्या बदल्यात त्यानं काय सोडलं? ते सोडून जायचं म्हटलं तर किती महाग पडलं असतं? घरभाड्याची वही, मस्टर, उचल घेतल्याच्या नोंदी, जुन्या कामगारांच्या घरच्यांशी बोलणं, या सगळ्यांतून या तीन प्रश्नांची उत्तरं हळूहळू जमतात. आणि उदाहरण किर्लोस्करवाडीएवढं मोठं असायलाच हवं असं नाही. तुमच्या तालुक्यातली तेलाची घाणी, छापखाना, विडीचा कारखाना, एसटी स्टँडसमोरचं जुनं हॉटेल, कुठंही चालेल. तिथला मालक तुम्हाला चहा देईल आणि म्हणेल, "आम्ही सगळे एका घरचे." ते वाक्य तारखेसकट वहीत उतरवून घ्या. मग चहा संपवून भट्टीवरच्या माणसाकडं जा.