आपल्याच राज्याचा फुटबॉल संघ



मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक चालू होती आणि समोर शाळेच्या मैदानावर पोरी फुटबॉल खेळत होत्या. हप्त्यांचा हिशेब करता करता एक जण म्हणाली, "हा खेळ आपल्याकडचा नाही बाई, मुंबई-कोल्हापूरकडचा." मीही मान डोलावली. घरी आल्यावर वाटलं, आपण दोघीही चुकलो.

1956 पर्यंत आपलं बिडकीन कुठल्या राज्यात होतं? हैदराबाद राज्यात. पैठणचा रस्ता हाच, पण राजधानी हैदराबाद. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. घरातल्या म्हाताऱ्या त्या दिवसांबद्दल बोलतात ते रझाकारांच्या धाकाचंच, आणि तो धाक खराच होता. पण त्याच हैदराबादेत एक शाळामास्तर पोरांना फुटबॉल शिकवत होते, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते तिथल्या संघातून खेळले. आपल्या औरंगाबादचं 1923 सालचं सरकारी कॉलेजही तेव्हा त्याच विद्यापीठाखाली होतं. पुढं मास्तरकी करता करता ते खेळाडू घडवू लागले.

त्यांची रीत ऐका. ज्या पायात जोर कमी, त्याच पायानं खेळायचं, अशी अट घालून ते मुलांचे सामने लावायचे. उजव्या हातानं भाकरी थापणारीला डाव्या हातानं थापायला लावावं, तसं! काही सामन्यांत चेंडू पायाशी घोळवायचा नाही, आला की लगेच दुसऱ्याकडं द्यायचा. एकट्यानं मिरवायला जागाच नाही.

1950 साली हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांच्या हाती आला. त्या हंगामात या संघानं मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. दिल्लीची ड्युरँड स्पर्धा महायुद्ध आणि फाळणीमुळं बंद पडली होती, ती दहा वर्षांनी त्याच साली पुन्हा भरली. अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचा नावाजलेला मोहन बागान. तोही हरला. आणि रोव्हर्स तर त्यांनी 1954 पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. मुंबईत जाऊन मुंबईकरांसमोर!

सगळंच गोड झालं नाही. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये रहीम मास्तर भारताच्या संघाला शिकवत होते. तिथल्या थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून 10-1 असे हरले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. शिकवणारे रहीम मास्तर, आणि संघात हैदराबादचे कितीतरी खेळाडू. भारत चौथा आला. महिनाभर आधी हे घडलं असतं तर 'आपली पोरं' म्हणून इथं कुणी साखर वाटली असती. पण सरहद्द सरकली आणि ते कौतुक पलीकडं राहिलं.

परवा मैदानावरच्या पोरींना मी ती कमजोर पायाची अट सांगितली. चार जणी धपकन पडल्या, एक रडली, बाकीच्या खिदळल्या. उद्या संध्याकाळी पुन्हा बोलावलंय.