कृत्रिम नखे : अ‍ॅक्रिलिक, जेल की नुसत्या टिप्स?

लग्नसराई जवळ आली की मालाड पश्चिमेच्या लिंक रोडवरील आणि ऑर्लेम भागातील पार्लरमध्ये मेंदीबरोबरच नखे लांब करून घेण्याचीही विचारणा होऊ लागते. दरपत्रकावर अ‍ॅक्रिलिक, जेल, टिप्स अशी नावे असतात आणि निवड बहुधा छायाचित्र पाहून होते. वास्तविक तयार झालेली नखे दिसायला जवळजवळ सारखीच. ती घट्ट कशी होतात, पाण्यात कितपत टिकतात आणि मुख्यतः उतरवायची कशी, यात खरा फरक आहे.

अ‍ॅक्रिलिक ही जुनी पद्धत दंतवैद्यकातून आली. द्रवरूप मोनोमर आणि पॉलिमरची पूड ब्रशच्या टोकावर एकत्र येतात व काही मिनिटांत हवेतच घट्ट होतात. दिव्याची गरज नसते. नख कणखर होते, कोपरा तुटल्यास डागडुजीही सोपी. मात्र वास उग्र असल्याने खोली हवेशीर हवी. हा द्रव एथिल मेथाक्रिलेटचा असावा, हे आवर्जून विचारावे. मेथिल मेथाक्रिलेट, म्हणजेच एमएमए, स्वस्त पडते. पण त्याचे नख इतके टणक बसते की लोकलच्या दांड्यात ते अडकले, तर कृत्रिम नखाऐवजी मूळ नखच उचकटण्याची भीती असते. शुद्ध एमएमए असलेल्या नखप्रसाधनांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७०च्या दशकातच कारवाई केली होती.

जेलला वास कमी, पण ते अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली घट्ट करावे लागते. थर जाड असल्यास दिव्याखाली चटका बसतो. हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, ते घासूनच काढावे लागते. सॉफ्ट जेल भिजवून निघते. दिवा त्या जेलला अनुरूप नसेल तर नख वरून घट्ट आणि आत कच्चे राहते. जेलमधील टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरील घटक वाचून घेणे उत्तम.

कच्चे जेल वा अ‍ॅक्रिलिकचा द्रव त्वचेला वारंवार लागला तर मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी जडू शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याविषयी इशारा दिला होता. ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे दातातील भरण किंवा सांधेबदल शस्त्रक्रियेतील बोन सिमेंटच्या वेळी अडचण उभी करू शकते. घरच्या घरी संच मागवून प्रयोग करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

मुंबईत पाण्याचा प्रश्न वेगळाच. कणीक, भांडी, त्यात पावसाळा. नख कडेला किंचित जरी सुटले तरी फटीत ओल साचते. तिथे स्यूडोमोनस जिवाणू वाढले की हिरवट डाग दिसतो. तो रंगाखाली झाकू नये, सुटलेली कड गोंदाने चिकटवूही नये. नख उतरवून डॉक्टरांना दाखवावे. रुग्णसेवेतील परिचारिकांनी कृत्रिम नखे लावूच नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

मग निवडावे काय? रोज स्वयंपाक आणि लोकलचा प्रवास असेल तर आखूड अ‍ॅक्रिलिक किंवा सॉफ्ट जेल बरे. लांबीचा हट्ट सोडावा. एकाच समारंभापुरती हौस असेल तर चिकटपट्टीवर बसणाऱ्या तयार नखांइतके सोयीचे काही नाही, ती त्याच रात्री निघतात. बाकीच्यांना दोन-तीन आठवड्यांनी भरणी करावी लागते, कारण हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळाशी मोकळी पट्टी दिसू लागते.

नख ओढून काढू नये. अ‍ॅक्रिलिक वा सॉफ्ट जेलवर अ‍ॅसिटोनचा बोळा ठेवून वरून फॉइल गुंडाळावी, ते मऊ झाल्यावर हळूच सरकवावे. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे गॅसजवळ करू नये. ओढून पातळ झालेले मूळ नख पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात.