मुंबईच्या शिक्षण मंडळाला काय कळत होते?

माझी सारी नोकरी शाळा तपासण्यात गेली. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या आणि संध्याकाळी मुक्कामी बसून अहवाल लिहिले. पट किती, हजेरी किती, खोल्या किती, त्यांतल्या गळक्या किती. तो कागद तालुक्याहून जिल्ह्याला जाई, तिथे त्याची बेरीज होई आणि समितीच्या सभेत आमच्या अख्ख्या तालुक्याची एक ओळ वाचली जाई. निवृत्तीनंतर मनात आले, हा उद्योग आपल्याकडे सुरू कधी झाला? शोधता शोधता १८४० सालापाशी जाऊन पोहोचलो.

त्या वर्षी मुंबई इलाख्यातल्या सरकारी शाळांचा कारभार ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या मंडळाकडे आला. त्याआधी हे काम नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी बघत असे. मंडळात सरकारने नेमलेले युरोपियन सभासद होते, तसे तीन हिंदी सभासदही होते. जगन्नाथ शंकरशेट त्यांपैकी एक. आता बघा, मंडळ बसणार मुंबईत आणि शाळा पसरलेल्या कोकणात, देशावर, गुजरातेत, थेट धारवाडपर्यंत. आगगाडी यायला अजून तेरा वर्षे होती. मग मंडळाला खबर देणार कोण? यासाठी इलाख्याचे विभाग पाडले गेले. विभागावर एक युरोपियन इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखाली एक एतद्देशीय सुपरिंटेंडेंट. या सुपरिंटेंडेंटने गावोगाव फिरायचे, मुलांची परीक्षा घ्यायची, पंतोजींना चार गोष्टी सांगायच्या आणि सगळे वर्तमान मुंबईला कळवायचे. मंडळाचे छापील वार्षिक अहवाल उभे राहिले ते अशा माणसांच्या पायपिटीवर.

आणि माणसेही कशी! ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी एल्फिन्स्टनमधल्या अध्यापनाबरोबर शाळा तपासण्याचे हे काम अंगावर घेतले. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. एकेका माणसावर किती ओझे टाकायचे याचा हिशेब सरकारी खात्यात तेव्हाही नव्हता. मे १८४६ मध्ये बाळशास्त्री वारले. वय अवघे ३४. त्यांच्या मागे नॉर्मल वर्ग आणि मराठी शाळांची देखरेख आली दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे. ज्यांचे व्याकरण १८३६ सालीच छापून निघाले होते, तेच हे दादोबा.

शाळांचे वर्तमान मंडळापुढे येत होते, पण त्याचा अर्थ काय लावायचा यावर मंडळात दोन तट पडले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे. थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा त्यांचा भरवसा. कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांना तो पटेना. जनतेपर्यंत जायचे तर देशी भाषेतूनच गेले पाहिजे, असे ते म्हणत आणि तिन्ही हिंदी सभासद त्यांच्या बाजूला होते. १ मे १८४७ रोजी शंकरशेटांनी आपले मत लेखी नोंदवले. लोकांपर्यंत शिक्षण पोचवण्याचे साधन म्हणून त्यांनी मातृभाषेची बाजू घेतली. आपण हा वाद आजही भाषेचा वाद म्हणून शिकवतो. मला वाटते, खरा मुद्दा वेगळा होता. शाळा कुणासाठी, हा तो मुद्दा.

त्याचे उत्तर मंडळाच्या १८५०-५१च्या अहवालात सापडते. वाचताना मी दोनदा थांबलो. हाती पैसा थोडा, तेव्हा तो वरच्या वर्गावर खर्च करावा, अशी भूमिका तिथे घेतली आहे. वरचा वर्ग म्हणजे कोण? जहागीरदार-जमीनदार, व्यापारात पैसा मिळवलेले, सरकारी वरिष्ठ नोकर आणि चौथे ब्राह्मण व लेखणीवर जगणाऱ्या प्रभू-शेणव्यांसारख्या जाती. या चौथ्या वर्गाला सर्वांत महत्त्वाचे मानले आहे. खालच्या जातींच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा मंडळाने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या जुन्या टिपणाचा आधार घेतला. मिशनऱ्यांना या जातींतली मुले सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात हे एल्फिन्स्टनने नोंदवले होते, आणि लगेच पुढे, त्यांना खास उत्तेजन देताना जपावे असा इशाराही दिला होता. म्हणजे मुले हुशार आहेत हे मंडळाला ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही.

दादोबांचा विचार मनात येतो तो इथे. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मानायचा नाही, असे ठरवलेल्या तरुणांची ही गुप्त सभा, आणि तिच्या प्रवर्तकांत हे दादोबा. दिवसा सरकारी शाळांची देखरेख, रात्री बंद दाराआड जातीची बंधने तोडणे. या दोन जगांची गाठ त्यांनी मनात कशी घातली असेल? मला त्यांना बोल लावायचा नाही. दार उघडे ठेवून हे करण्याची सोय त्या मुंबईत नव्हती. सभासदांच्या नावांची वही १८६० मध्ये चोरीला गेली, तेव्हा भीतीने सभाच मोडली.

पुण्यात मात्र एक जण उघडपणे काम करत होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही काढली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. खुद्द सरकारी अधिकाऱ्याच्या हातून शाल दिली गेली. सरकारी शाळांची दारे मात्र होती तशीच राहिली.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मंडळ मोडले आणि १८५५ मध्ये शिक्षण खाते आले. पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेने मला प्रवेश नाकारला, एवढीच त्याची तक्रार. त्याची हकीकत कुणा तपासनिसाच्या तक्त्यातून वर गेली नाही, ती त्याने स्वतः पाठवली. २१ जुलैच्या ठरावात सरकारने मान्य केले की तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे. पण एकट्यासाठी सक्ती केली तर बाकीची मुले शाळा सोडतील, म्हणून हात वर केले. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने कळवले, की बंगालमधल्या सरकारी शाळेत या मुलाला बहुधा नाकारले गेले नसते. एप्रिल १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सांगितले, सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. एका मुलाच्या अर्जाने धारवाड, मुंबई, कलकत्ता आणि लंडन असा प्रवास केला. त्या ठरावात त्याचा उल्लेख ‘महार अर्जदार’ एवढाच आहे.

एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका वस्तीशाळेत मी पटावर ३१ मुले मोजली आणि समोर ३१ बसलेलीही पाहिली. हजेरी ‘समाधानकारक’ असे लिहून निघालो. वाटेत पाणी प्यायला थांबलो, तर ओढ्याच्या पलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या आणि बाहेर सात-आठ मुले खेळत होती. ती कुठल्याच पटावर नव्हती, म्हणून गैरहजरही नव्हती. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नव्हता. शेरा म्हणून चार ओळी लिहिता आल्या असत्या. मी लिहिल्या नाहीत. एस.टी. चुकेल म्हणून घाई होती.

मंडळाचे ते जुने अहवाल दप्तरात पडून राहिले. १९२८ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला एक निवेदन दिले. विषय होता, मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती. त्यात त्यांनी १८५०-५१च्या त्या अहवालातले लांबलचक उतारे काढून मांडले आणि पुढे धारवाडच्या अर्जाची हकीकत दिली. मी ते निवेदन आधी वाचले. मूळ अहवालाकडे वळलो, ते त्यानंतर.