वराहगर्भ-विच्छेदन

डुकराचा दिवस भरत आलेला, पण न जन्मलेला गर्भ उघडून सस्तन प्राण्याच्या शरीररचनेचा अभ्यास करण्याच्या पद्धतीला वराहगर्भ-विच्छेदन म्हणतात. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांत ही पद्धत विशेष रूढ आहे. तेथे मांसासाठी कापलेल्या गाभण डुकरिणींच्या गर्भाशयात सापडणारे गर्भ परिरक्षक द्रवात टिकवून शिक्षणसंस्थांना पुरवले जातात. डुकराचा गर्भावधी सुमारे 114 दिवसांचा असतो, आणि त्याच्या अखेरीकडे गर्भाची लांबी साधारण 20 ते 30 सेंमी. भरत असल्यामुळे सर्व इंद्रिये ओळखण्याइतकी मोठी झालेली असतात. हाडे मात्र अजून इतकी मऊ असतात की छातीचा पिंजरा साध्या कात्रीने कापता येतो.

डुकराकडून शरीर शिकण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने डुकरांवर प्रयोग करून स्वरयंत्राच्या चेतातंतूंचे कार्य दाखवले, आणि इटलीतील सालेर्नोच्या वैद्यकपीठात बाराव्या शतकात डुकराच्या शरीररचनेवर स्वतंत्र ग्रंथ तयार झाला. या पद्धतीवरील नैतिक आक्षेपही गंभीर असून, कॅलिफोर्निया राज्याने 1988 मध्ये विच्छेदनाला हरकत घेण्याचा हक्क विद्यार्थ्यांना कायद्याने दिला.

गर्भ तबकात उताणा ठेवून पुढचे व मागचे पाय तबकाखालून नेलेल्या दोरीने ताणून बांधतात. नाळेच्या कापलेल्या टोकावर दोन धमन्या आणि एक नीला ही तीन तोंडे दिसतात. नाळेसह पोटाची त्वचा मागे उलटवताना यकृताकडे जाणारी नाभिनीला आड येते, म्हणून तिला दोन ठिकाणी दोरे बांधून मध्ये छेद देतात; दोरे बांधायचे राहिले, तर नंतर तिची टोके शोधणे कठीण जाते. येथून पुढे सुरीपेक्षा बोटे आणि बोथट सळई अधिक उपयोगी पडतात, कारण पडदे अलगद सोडवले तर इंद्रिये जागची न हलता उलगडत जातात आणि त्यांचे परस्परसंबंध तसेच राहतात.

पोट उघडताच नजरेत भरते ते तपकिरी यकृत, जे जठराचा बराच भाग झाकून टाकते. डुकराची शरीरयोजना माणसाशी बरीच जुळत असली तरी ती माणसाची प्रत नव्हे, हे भान शिक्षकाने सतत द्यावयास हवे. डुकराचे मोठे आतडे घट्ट वेटोळ्याच्या रूपात असते, त्याला आंत्रपुच्छ नसते, मादीचे गर्भाशय दोन लांब शिंगांचे असते, आणि महाधमनीच्या कमानीतून माणसाप्रमाणे तीन नव्हे, तर दोनच मुख्य शाखा निघतात.

या अभ्यासाचे खरे मोल मात्र रक्ताभिसरणात आहे, कारण गर्भातील रक्तमार्ग प्रौढ प्राण्याच्या विच्छेदनात दिसू शकत नाहीत. अनेक नमुन्यांत धमन्यांत लाल व नीलांत निळे रबरी द्रव्य भरलेले असते. हे रंग रक्तवाहिनीची जात सांगतात, रक्तातील प्राणवायू नव्हे, आणि विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत येथेच होते: नाभिनीला ही नीला असूनही वारेकडून प्राणवायुयुक्त रक्त आणते, तर नाभिधमन्या गर्भाचे वापरलेले रक्त वारेकडे नेतात. फुप्फुसे अजून श्वास घेत नसल्यामुळे त्यांना टाळणाऱ्या दोन वाटा गर्भात असतात. एक वाट उजव्या व डाव्या अलिंदांमधील पडद्यातील झडपयुक्त छिद्राची, म्हणजे अंडाकृती रंध्राची. दुसरी वाट फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणाऱ्या आखूड वाहिनीची. हृदयाचे टोक चिमट्याने उचलून बाजूला कलवले, की फुप्फुसांकडे जाणाऱ्या शाखा बारीक आहेत आणि ही जोडवाहिनी जाड आहे, हे डोळ्यांनी दिसते. बहुतेक रक्त कोणत्या वाटेने जाते हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

जन्मानंतर पहिल्या श्वासाने फुप्फुसे उघडतात, डाव्या अलिंदातील दाब वाढून रंध्राची झडप मिटते, आणि जोडवाहिनी आकुंचन पावून कालांतराने तंतुमय दोरीसारखी होते. मानवात हे रंध्र साधारणपणे चार प्रौढांपैकी एकात पूर्ण बंद झालेले नसते. बाकीच्यांच्या हृदयात त्या जागी अंडाकृती उथळ खळगा आयुष्यभर राहतो.