नर्सिंग शिक्षणासाठी शिष्यवृत्ती व कर्ज

गोरखी-लष्कर भागातील आपल्या समाजाच्या ज्या मुलामुलींना बारावीनंतर नर्सिंगला जायचे आहे, त्यांच्यासाठी व पालकांसाठी ही माहिती.

१. आधी मान्यता : प्रवेशापूर्वी कॉलेजला चालू वर्षाची मान्यता आहे का, ते पाहावे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने मध्य प्रदेशातील नर्सिंग कॉलेजांची सीबीआय तपासणी झाली. २०२४ साली त्यांतील ६६ अपात्र ठरली. कॉलेज बंद पडले तरी कर्ज फेडावेच लागते.

२. शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. मूळ निवासी, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. ही रक्कम परत करायची नसते, म्हणून कर्जाआधी हा अर्ज करावा.

३. कर्ज : अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही व ७.५ लाखांपर्यंत तारण नाही. फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. तोवर व्याज साधे असते. ते दरमहा भरत गेल्यास पुढचा हप्ता हलका होतो.

४. कागदपत्रे : प्रवेशपत्र, फीचा तपशील, गुणपत्रिका, आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला.

बँकेच्या नोकरीत मी पाहिले, अर्ज बहुधा एखाद्या दाखल्यावाचून अडतो. दलालाला पैसे देऊ नयेत. मंजुरीपत्र वाचूनच सही करावी, आणि नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे.